आधी टेम्पो, मग मोटरहोम: नवलमल फिरोदियांची गोष्ट

मोटरहोमचे प्रकार कोणी विचारले की मी आधी आतला पलंग आणि किचन बघू नका म्हणतो, खालची गाडी बघा म्हणतो. कारण मोटरहोम ही आधी मालाची किंवा प्रवाशांची गाडी असते, घर नंतर होते. आणि आपल्याकडे ही खालची गाडी बऱ्याचदा आकुर्डीची असते. म्हणून आज नवलमल कुंदनमल फिरोदियांबद्दल.

त्यांचा जन्म 1910 चा, अहमदनगरचा. वडील कुंदनमल वकील, पुढे मुंबई विधानसभेचे अध्यक्ष झाले. नवलमल स्वातंत्र्य चळवळीत उतरले, तुरुंगातही गेले. देश स्वतंत्र झाल्यावर माणसाने ओढायच्या रिक्षाला पर्याय म्हणून त्यांनी तीनचाकी ऑटोरिक्षा आणायचा ध्यास घेतला. मूळ गाडी इटलीची, मालवाहू. तिच्यावर माणसं बसतील अशी बॉडी चढवली. एका कामाची गाडी दुसऱ्या कामाला लावायची, ही त्यांची पद्धत तिथूनच दिसते.

1958 मध्ये जर्मनीतल्या टेम्पो कंपनीच्या सहकार्याने बजाज टेम्पो सुरू झाली. गोरेगावात हॅन्सीट ही तीनचाकी मालगाडी बनू लागली. आज आपण कुठल्याही छोट्या मालगाडीला टेम्पो म्हणतो, ते या कंपनीच्या नावावरूनच! 1964 मध्ये कारखाना आकुर्डीला आला. 1969 ला मॅटाडोर आली. तिची पुढची चाकं ओढायची, त्यामुळे मागे जाणारा शाफ्ट नव्हता आणि तळ खाली ठेवता आला. शाळेची गाडी, ॲम्ब्युलन्स, भाजीची गाडी, सगळं तिच्यावर झालं. 1987 मध्ये मर्सिडीजच्या व्हॅनवर आधारलेली ट्रॅव्हलर आली.

आता प्रकार बघू

- कॅम्परव्हॅन (क्लास बी): तयार व्हॅनच्या आतच घर. ट्रॅव्हलर इथे चपखल बसते, कारण उंच छताच्या मॉडेलमध्ये उभं राहता येतं.
- क्लास सी: ड्रायव्हरची केबिन मूळची, मागे वेगळी बांधलेली खोली. केबिनच्या वर बहुतेक वेळा झोपायची जागा.
- क्लास ए: बसच्या चासीवर पूर्ण नवी बॉडी. जागा सगळ्यात जास्त, पण घाटात आणि गल्लीत तेवढाच त्रास.
- ट्रेलर कॅरॅव्हॅन: इंजिन नाही, दुसऱ्या गाडीने ओढायची.

इथे एक गोंधळ होतो. परदेशात कॅरॅव्हॅन म्हणजे सहसा ओढायची गाडी, पण आपल्या एआयएस-124 या मानकात इंजिनवाल्या गाडीलाच मोटर कॅरॅव्हॅन म्हटलंय. आणि जुनी ट्रॅव्हलर घेऊन परस्पर पलंग, गॅस बसवू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे मंजुरीशिवाय गाडीत असे बदल करता येत नाहीत. शिवाय पाण्याची टाकी, बॅटरी, फर्निचर यांचं वजन एका बाजूला पडलं तर वळणावर गाडी कलते, ब्रेक लावल्यावर एकीकडे ओढते.

फिरोदिया 1997 मध्ये गेले. कंपनीचं नाव 2005 मध्ये फोर्स मोटर्स झालं. माझ्या माहितीप्रमाणे त्यांनी स्वतः मोटरहोम कधी विकली नाही. त्यांनी दिला तो रिकामा, भरवशाचा डबा, ज्यात ज्याला जे हवं ते बसवता येईल. महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा पायाभूत गाडी रस्त्यावर कित्येक वर्षं धावतच होती.

म्हणून मोटरहोम बघायला गेलात तर दार उघडण्याआधी खाली वाका. चासी कुठली, वजनाची मर्यादा किती, सुटे भाग गावात मिळतात का, हे आधी विचारा. पडद्यांचा रंग नंतर!