‘सायको’चा जनक
आल्फ्रेड हिचकॉक १८९९ साली लंडनच्या लेटनस्टोन भागात एका भाजीविक्रेत्याच्या घरी जन्मला. मूकपटांच्या पाट्या रंगवता रंगवता तो दिग्दर्शक झाला व १९३९ मध्ये अमेरिकेस गेला. साठीच्या उंबरठ्यावर रॉबर्ट ब्लॉकच्या भयकादंबरीवरून ‘सायको’ काढायचे त्याने ठरविले, तर पॅरामाउंट पैसा देईना! मग आगाऊ मानधनावर पाणी सोडून त्याने अवघ्या ८ लाख डॉलरांत तो कृष्णधवल चित्रपट पुरा केला. स्नानगृहातील खुनाचे दृश्य जेमतेम पाऊण मिनिटाचे, पण चित्रीकरणास ७ दिवस लागले. तेथे संगीत नकोच, असा त्याचा हट्ट. बर्नार्ड हेरमनने तरीही व्हायोलिनची किंकाळी रचली. ती ऐकताच हिचकॉकने हट्ट सोडला. मोठेपणा म्हणतात तो हाच! १९६० मध्ये खेळ सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडीत नसत. दिग्दर्शनाचे ऑस्कर मात्र १९८० साली मृत्यू येईपर्यंत त्याला मिळाले नाही.