मातीला प्रश्न विचारणारा माणूस – कार्ल टर्झागी



दुबईत शेख झायेद रोडवरून जाताना आपण मान उंच करून इमारती पाहतो. पण त्यांचा भार आणि वाऱ्याचा रेटा ज्यांच्यावर येतो ते जमिनीखालचे पाइल कुणालाच दिसत नाहीत. आपल्यातले जे सिव्हिल इंजिनीयर आहेत, ते कॉम्प्युटरवर या पाइलच्या बाजूला स्प्रिंगांची रांग मांडतात. आडव्या रेट्यापुढे खडक किती ताठ उभा राहील, हे त्या स्प्रिंगचा आकडा ठरवतो. हा आकडा काढताना सावध राहायला ज्यांनी शिकवलं, त्या कार्ल टर्झागींची ही ओळख.

जमिनीला स्प्रिंगसारखं मानायची कल्पना एमिल विंकलर यांनी १८६७ साली प्राग शहरात छापलेल्या पुस्तकात मांडली होती. योगायोग असा, की टर्झागींचा जन्मही प्रागचाच, २ ऑक्टोबर १८८३ चा. वडील लष्करी अधिकारी होते. कार्ल लष्करी शाळेत शिकले आणि पुढे ग्राझला मेकॅनिकल इंजिनीयर झाले. पण ओढ भूगर्भशास्त्राची! लष्करी सेवेच्या काळात त्यांनी त्या विषयावरचं एक इंग्रजी पुस्तक जर्मन भाषेत आणलं.

नोकरीत त्यांनी पाहिलं, की पोलाद आणि काँक्रीटचं गणित पक्कं असतं, पण त्याखालच्या जमिनीचा केवळ अंदाज बांधला जातो. उत्तर शोधायला ते १९१२ मध्ये अमेरिकेत गेले, धरणांची कामं पाहत हिंडले आणि निराश होऊन परतले. नुसतं पाहून नियम सापडत नव्हता.

पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, ते इस्तंबूलला शिकवायला गेले. युद्ध हरल्यावर ती नोकरी गेली. परक्या देशात, पुढे काय याचा पत्ता नाही! तिथल्याच रॉबर्ट कॉलेजने त्यांना काम दिलं. प्रयोगशाळेसाठी पैसे नव्हते, म्हणून त्यांनी भंगारातल्या वस्तूंपासून उपकरणं बनवली आणि माती दाबून, भिजवून, मोजून पाहिली. मातीच्या कणांमधल्या पाण्याचा दाब हळूहळू उतरतो आणि तसतशी जमीन खचते, हे त्यांनी गणितात बसवलं. १९२५ साली त्यांचा ग्रंथ आला आणि मृदा यांत्रिकी हे नवं शास्त्र उभं राहिलं. त्याच वर्षी ते अमेरिकेत एमआयटीला गेले, १९२९ मध्ये व्हिएन्नाला आले आणि १९३८ मध्ये ऑस्ट्रिया सोडून पुन्हा अमेरिकेत, हार्वर्डला पोहोचले. घर किती वेळा हलवलं, हे आपल्यासारख्यांना वेगळं सांगायला नको!

१९५५ साली, वयाच्या सत्तरीनंतर, त्यांनी स्प्रिंगच्या आकड्यावरच एक लेख लिहिला. तो मातीबद्दल होता. हा आकडा म्हणजे मातीचा अंगचा गुण नव्हे, असं त्यांनी दाखवलं. रेटा किती रुंदीवर येतो, यावरही तो बदलतो. एका पाइलचा आकडा वेगळ्या व्यासाच्या पाइलला जसाच्या तसा लावला, तर फसगत होते.

हाच धडा इथल्या खडकालाही लागू पडतो. दुबईच्या जमिनीखाली वाळूचे आणि चुन्याचे बरेच थर कच्च्या खडकाचे आहेत. प्रयोगशाळेत नेलेला अखंड तुकडा मजबूत वाटतो, पण जमिनीतल्या खडकाला भेगा असतात आणि मधूनच मऊ थर लागतात. म्हणून बोअरच्या भोकात फुगणारं उपकरण सोडून खडक बाजूला किती दबतो ते मोजतात. शक्य असेल तिथे चाचणीचा पाइल आडवा ढकलूनही पाहतात. २०१० मध्ये खुल्या झालेल्या ८२८ मीटर उंच बुर्ज खलिफाच्या पायासाठीही चाचणीचे पाइल आधी भार देऊन तपासले होते आणि त्यातला एक आडवा ढकलला होता. सुमारे ५० टनांच्या रेट्याला तो एक मिलिमीटरही सरकला नाही!

टर्झागी २५ ऑक्टोबर १९६३ रोजी अमेरिकेत वारले. कॅनडातल्या एका धरणाला त्यांचं नाव आहे. पण त्यांची खरी आठवण साइटवरच्या सवयीत आहे. आकडा गृहीत धरायचा, जमिनीत तपासायचा आणि चुकला तर न लाजता बदलायचा.

तेव्हा घरचे इंजिनीयर उन्हातून धुळीने माखून उशिरा आले, तर रागावू नका. ते खडकाला प्रश्न विचारायला गेले असतील!