स्टॅन्ली हूकर

सर स्टॅन्ली जॉर्ज हूकर (३० सप्टेंबर, १९०७, शीर्नेस, केंट, इंग्लंड - २४ मे, १९८४) हे ब्रिटिश गणितज्ञ व विमान-इंजिनांचे अभियंता होते. रोल्स-रॉईस कंपनीच्या मर्लिन इंजिनाचा सुपरचार्जर सुधारण्याचे आणि त्यातून इंजिनात जाणारी हवा थंड ठेवण्याचे त्यांचे कार्य दुसऱ्या महायुद्धात निर्णायक ठरले. पुढे त्यांनी नीन, ऑर्फियस, पेगॅसस, आरबी२११ अशा जेट इंजिनांच्या विकासात प्रमुख भाग घेतला.

जीवन आणि शिक्षण

हूकर यांचे शालेय शिक्षण केंट परगण्यातील बोर्डन ग्रामर स्कूल या शाळेत झाले. शिष्यवृत्ती मिळवून ते लंडनच्या इंपीरियल कॉलेजात गेले. तेथे त्यांनी गणिताचा आणि विशेषतः द्रवगतिशास्त्राचा अभ्यास केला. त्यानंतर ऑक्सफर्डच्या ब्रेझनोज कॉलेजातून त्यांनी १९३५ साली डॉक्टरेट मिळवली. काही काळ त्यांनी ब्रिटिश नौदलाच्या संशोधन विभागात नोकरी केली.

जानेवारी १९३८मध्ये ते डर्बी येथील रोल्स-रॉईस कंपनीत दाखल झाले. इंजिन बनवण्याचा कोणताही अनुभव त्यांच्या गाठी नव्हता. कंपनीचे प्रमुख अर्नेस्ट हाइव्ह्‌ज यांनी पहिल्याच भेटीत, हा गृहस्थ फारसा इंजिनिअर दिसत नाही, अशा अर्थाचा शेरा मारला होता. हूकर तो विसरले नाहीत. उतारवयात लिहिलेल्या आत्मचरित्राला त्यांनी त्याच आशयाचे शीर्षक दिले.

सुपरचार्जर आणि हवेचे तापमान

इंजिनाची शक्ती त्याच्या सिलिंडरांत किती वजनाची हवा भरली जाते यावर अवलंबून असते. उंचीवर हवा विरळ होते व शक्ती घटते. म्हणून हवा दाबून सिलिंडरांत भरणारा सुपरचार्जर इंजिनाला जोडतात. परंतु हवा दाबली की ती तापते. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम लागते, ते मुख्यतः याच कारणाने. तापलेली हवा प्रसरण पावते. त्यामुळे त्याच दाबाला सिलिंडरात तिचे वजन कमी मावते. शिवाय फार गरम मिश्रण ठिणगीच्या ज्योतीची वाट न पाहता स्वतःच पेट घेते. यालाच नॉकिंग म्हणतात, आणि त्याने पिस्टन निकामी होऊ शकतात. सुपरचार्जर जितका अकार्यक्षम, तितकी त्याला दिलेली शक्ती हवा दाबण्याऐवजी ती तापवण्यात वाया जाते.

हूकर यांना सुरुवातीला ठरावीक काम नेमून दिलेले नव्हते. त्यांनी सुपरचार्जरच्या चाचण्यांचे आकडे मागवून घेतले आणि त्यांचे गणिती विश्लेषण केले. हवा आत घेणाऱ्या मार्गाचा आकार आणि हवेला गती देणाऱ्या चक्राभोवतीची रचना सुधारल्यास कार्यक्षमता बरीच वाढेल, असा निष्कर्ष त्यातून निघाला. कंपनीने त्यांच्याकडे या विभागाची जबाबदारी सोपवली. सुधारित सुपरचार्जरमुळे मर्लिन इंजिन ज्या उंचीपर्यंत पूर्ण शक्ती टिकवू शके, ती सुमारे १६,००० फुटांवरून १९,००० फुटांपर्यंत गेली.

मर्लिनमध्ये कार्बोरेटर सुपरचार्जरच्या आधी बसवलेला होता. पेट्रोलची वाफ होताना ते हवेतील उष्णता शोषून घेते, आणि त्यामुळे मिश्रण सुमारे २५ अंश सेल्सियसने थंड होते. या रचनेचा तोटाही होता. विमान एकदम खाली झुकवले की पेट्रोलचा पुरवठा विस्कळीत होऊन इंजिन अडखळे; थेट सिलिंडरांत इंधन सोडणाऱ्या जर्मन इंजिनांना ही अडचण नव्हती. १९४१मध्ये बीअ‍ॅट्रिस शिलिंग या महिला अभियंत्याने सुचवलेल्या छोट्या चकतीने हा दोष बराच कमी झाला. थंड मिश्रणाचा लाभ मात्र कायम राहिला.

हॅरी रीड व अ‍ॅलन यार्कर या सहकाऱ्यांसह हूकर यांनी १९४१ साली सुपरचार्जरयुक्त विमान-इंजिनाच्या कामगिरीवर एक प्रबंध तयार केला. जमिनीवरील चाचणीवरून उंचीवरील शक्तीचा अंदाज कसा बांधावा, याची पद्धत त्यात मांडलेली आहे.

द्विस्तरीय मर्लिन आणि इंटरकूलर

१९४१च्या सप्टेंबरात जर्मनीचे फोके-वुल्फ १९० हे विमान आघाडीवर दिसू लागले आणि तेव्हाचे स्पिटफायर त्याच्यापुढे कमी पडू लागले. अधिक उंचीसाठी दोन सुपरचार्जर एकापुढे एक जोडण्याचे काम त्यापूर्वीच सुरू झाले होते. ते मुळात वेलिंग्टन या बाँबफेकी विमानाच्या उंचावरून उडणाऱ्या आवृत्तीसाठी होते. हेच इंजिन स्पिटफायरला बसवावे, ही कल्पना हाइव्ह्‌ज यांची.

अडचण तापमानाची होती. ३०,००० फुटांवर हवेचे तापमान उणे ४४ अंशांच्या आसपास असते आणि दाब समुद्रसपाटीच्या ३० टक्के. ही हवा पाचपटीहून अधिक दाबली की ती सुमारे २०० अंशांनी तापते, म्हणजे बाहेर कडाक्याची थंडी असूनही इंजिनात दीडशे अंशांची हवा शिरते. म्हणून दोन टप्प्यांच्या दरम्यानचे आवरण आणि दुसऱ्या टप्प्यानंतर बसवलेला इंटरकूलर यांतून पाणी व ग्लायकॉल यांचे मिश्रण फिरवण्यात आले. त्यासाठी इंजिन थंड करणाऱ्या व्यवस्थेहून वेगळा पंप होता आणि पंखाखाली स्वतंत्र रेडिएटर होता. या तापमानाला हवा १०० अंशांनी थंड केली व दाब तोच राखला, तर तेवढ्याच जागेत सुमारे ३० टक्के अधिक वजनाची हवा मावते.

मर्लिन ६१ हे इंजिन बसवलेले स्पिटफायर मार्क ९ जुलै १९४२मध्ये ६४ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमध्ये दाखल झाले आणि फोके-वुल्फच्या बरोबरीला आले. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने बनवलेले द्विस्तरीय मर्लिन मस्टँग विमानांना मिळाले. त्यांच्या संरक्षणाखाली बाँबफेकी विमाने बर्लिनपर्यंत जाऊ लागली.

जेट इंजिने

फ्रँक व्हिटल यांच्या जेट इंजिनाचे महत्त्व हूकर यांनी लवकर ओळखले आणि हाइव्ह्‌ज यांना त्यात लक्ष घालायला लावले. १९४३पासून बार्नोल्ड्‌सविक येथे वेलँड व त्यानंतर नीन ही इंजिने त्यांच्या देखरेखीखाली तयार झाली. ब्रिटिश सरकारच्या परवानगीने सोव्हिएत संघाला विकलेल्या नीनच्या नमुन्यावरूनच मिग-१५चे इंजिन बनले.

हाइव्ह्‌ज यांच्याशी मतभेद झाल्याने हूकर १९४९ साली ब्रिस्टल कंपनीत गेले. तेथील प्रोटियस इंजिनाने त्यांना उलट धडा दिला. हवा आत घेणाऱ्या वळणदार मार्गात उष्ण कटिबंधातील ढगांमधले हिमकण साचून इंजिन बंद पडे. ज्योत पुन्हा पेटवणारे ग्लो प्लग बसवून यावर उपाय करण्यात आला. पण तोवर ब्रिटानिया विमानाला उशीर झाला होता.

याच कंपनीच्या ऑर्फियस इंजिनावर नॅट आणि भारताचे एचएफ-२४ मारुत ही विमाने उडाली. हिंदुस्तान एरोनॉटिक्सने ऑर्फियसचे उत्पादन बंगळूर येथे केले. मारुतला ध्वनीपेक्षा अधिक वेग देण्यास मात्र त्याची शक्ती अपुरी पडली. हॅरियरचे पेगॅसस इंजिनही हूकर यांच्या कारकिर्दीतले. गोव्यातील दाबोळीच्या आयएनएस हंसा तळावरून उडणाऱ्या भारतीय नौदलाच्या सी हॅरियर विमानांना तेच इंजिन होते.

१९६७मध्ये ते निवृत्त झाले. फेब्रुवारी १९७१मध्ये आरबी२११ इंजिनाच्या खर्चापायी रोल्स-रॉईस दिवाळखोरीत निघाली, तेव्हा त्यांना परत बोलावण्यात आले. सिरिल लव्हसी व आर्थर रुब्रा या मर्लिनच्या काळातील निवृत्त सहकाऱ्यांना सोबत घेऊन त्यांनी ते इंजिन मार्गी लावले.

मोटारींतील वारसा

मर्लिनमधील तत्त्व आज सुपरचार्जर असलेल्या स्पोर्ट्‌स मोटारींत दिसते. २००९च्या शेव्हरोले कॉर्व्हेट झेडआर१मध्ये सुपरचार्जरमधून निघालेली हवा पाण्याच्या इंटरकूलरमधून जाते. अशा मोटारींत त्या पाण्याला वेगळा पंप व पुढच्या बाजूला वेगळा रेडिएटर असतो. आत जाणारी हवा तापली की संगणक ठिणगीची वेळ मागे सरकवतो. इंजिन वाचते, पण शक्ती घटते. रहदारीत मोटार रेंगाळली की इंजिनाची धग इंटरकूलरमध्ये मुरते. म्हणून चालकाला हवेच्या तापमानाकडे लक्ष ठेवावे लागते.

सन्मान आणि निधन

१९६२ साली रॉयल सोसायटीचे सदस्यत्व आणि १९७४ साली सर हा किताब त्यांना मिळाला. त्यांचे आत्मचरित्र १९८४मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी २४ मे रोजी त्यांचे निधन झाले.