बी आणि जमीन : डॉ. कमल रणदिवे

सीताफळ आम्हां बऱ्हाणपूरकरांच्या ओळखीचे. त्याच्याच कुळातील वनस्पतींच्या पेशी तपासून एम.एस्सी. झालेली एक विदुषी पुढे कर्करोग-संशोधनात नाव मिळविते, हे मला प्राणिशास्त्र शिकवू लागल्यावर कळले.

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ चा, पुण्याचा. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. मुलीने डॉक्टर व्हावे ही त्यांची इच्छा. तिने वनस्पतिशास्त्र निवडले. १९३९ मध्ये गणितज्ञ रणदिवे यांच्याशी विवाह झाला. पुढे मुंबईस डॉ. वसंत खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये पीएच.डी. मिळाली. नंतर त्या बाल्टिमोरला डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत शरीराबाहेर पेशी वाढविण्याचे तंत्र शिकल्या आणि परतून भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा त्यांनी उभारली.

काचपात्रातली कर्कपेशी एकटी असते. शरीरात ती कधीच एकटी नसते. कमलताईंनी उंदरांच्या स्तनकर्करोगात अनुवंशिकता, संप्रेरके व विषाणू यांचा परस्परसंबंध शोधला, तो मला याच कारणासाठी मोलाचा वाटतो. इंग्लंडमध्ये स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्येच कर्कपेशीला बीजाची आणि अवयवाला जमिनीची उपमा दिली होती.

यकृताच्या कर्करोगात ही जमीन स्पष्ट दिसते. बहुधा तो आधीच व्रण पडून घट्ट झालेल्या यकृतात उगवतो. भोवतालच्या तंतुपेशी व नव्या रक्तवाहिन्या त्याला पोसतात. काही रक्षक पेशी तर फितूर होऊन इतरांना रोखतात. ज्या गाठीत लढाऊ पेशी शिरलेल्या असतात, तेथे रुग्णाची आशा सामान्यतः अधिक. २०२० पासून रक्तवाहिन्यांना आवर घालणारे आणि रक्षकांना मोकळे करणारे अशी दोन औषधे जोडीने देतात. म्हणजे उपचार जमिनीवरही होऊ लागले.

माझे मामा याच रोगाने गेले. दारूला कधी न शिवलेल्या माणसाविषयी गल्लीत कुजबूज झालीच. यकृत खराब केले होते हिपॅटायटिस-बीच्या विषाणूने. त्यावर लस आहे आणि ती नवजात बालकाला देतात, हे मी वर्गात दरवर्षी सांगतो.

कमलताई १९६६ ते १९७० केंद्राच्या संचालक होत्या. १९७३ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळाले. निवृत्तीनंतर अकोले तालुक्यातील आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास त्यांनी केला. २००१ मध्ये त्या निवर्तल्या.