मोबाईलवर शेत मोजताय? आधी हिंगणघाटला चिरनिद्रा घेत असलेल्या लॅम्बटनची गोष्ट वाचा

मी जामखेडचा. आमच्याकडे दोन विषयांवर कुणीही तासभर बोलू शकतं: पाऊस आणि बांध. मागच्या उन्हाळ्यात आमच्या घरात दुसरा विषय पेटला. माझ्या वडिलांचं आणि चुलत्यांचं शेत शेजारी-शेजारी, मधे एकच बांध. मी एक शेतमोजणीचं ॲप टाकलं, मोबाईल हातात धरून चारही बाजूंनी चाललो आणि क्षेत्र बघितलं. सातबाऱ्यावर ८० गुंठे, ॲपवर ७७. बस्स! आप्पांनी बांध कोरला, असं मी घरात जाहीर करून टाकलं. वडील आणि आप्पा दोन महिने एकमेकांशी बोलले नाहीत.

नंतर एका संध्याकाळी मी तोच फेरा पुन्हा मारला. या वेळी आकडा आला ८३. शेत दोन महिन्यांत सहा गुंठे वाढलं होतं!

चूक कुठे झाली, हे शोधायला बसलो आणि वाचता वाचता एका माणसापर्यंत पोचलो. त्याचं नाव विल्यम लॅम्बटन. २०० वर्षांपूर्वी उपग्रह नाही, बॅटरी नाही, तरी या माणसाने शेकडो किलोमीटर मोजताना इंचांचा हिशोब ठेवला. आणि त्याची कबर आपल्याच महाराष्ट्रात, वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला आहे. जीपीएस नीट समजून घ्यायचं असेल तर याच्यापासून सुरुवात करा, असं मला वाटतं.

एका डोळ्याचा मोजणीदार

लॅम्बटन इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा, गरीब शेतकरी घरातला. जन्म १७५० च्या दशकातला. गणितात हुशार, म्हणून शिकता आलं. पुढे सैन्यात गेला, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात कैदी झाला, सुटल्यावर तिकडेच ब्रिटिश कॅनडाच्या हद्दीवर मोजणीचं काम केलं. तिथेच एकदा सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी बघितलं आणि एका डोळ्याची दृष्टी गमावली. म्हणजे पुढे हजारो वेळा दुर्बिणीतून नेम धरणारा हा माणूस एकाच डोळ्याने बघत होता.

भारतात आला तेव्हा वय चाळिशीच्या पुढे गेलेलं. १७९९ साली टिपू सुलतानाविरुद्ध श्रीरंगपट्टणची मोहीम चालू होती. एका रात्री इंग्रजांची एक तुकडी अंधारात चालली होती. लॅम्बटनने आकाशाकडे बघितलं आणि सेनापतीला सांगितलं की आपण दक्षिणेला नाही, उत्तरेला, म्हणजे थेट शत्रूच्या छावणीकडे चाललोय. सेनापतीला आधी पटलं नाही. मग होकायंत्र काढून बघितलं, तर लॅम्बटन बरोबर. ताऱ्यांवरून दिशा ओळखणं, म्हणजे त्या काळचं सॅटेलाइट नेव्हिगेशनच!

युद्ध संपल्यावर त्याने कंपनी सरकारपुढे एक योजना ठेवली. दक्षिण भारत एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत नीट मोजायचा, आणि त्याच कामातून पृथ्वीचा नेमका आकारही काढायचा. सरकारला नकाशा हवा होता, कारण सारा वसूल करायचा आणि सैन्य हलवायचं तर जमीन माहीत पाहिजे. लॅम्बटनचं मन मात्र दुसऱ्या भागात जास्त होतं.

पहिली रेघ: १२ किलोमीटरसाठी दीड महिना

एप्रिल १८०२. मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी काम सुरू झालं. साडेसात मैलांची, म्हणजे सुमारे १२ किलोमीटरची एक सरळ रेघ मोजायची होती. हिला बेसलाइन म्हणतात. मोटारसायकलवर आपण हे अंतर पंधरा मिनिटांत तोडतो. लॅम्बटनला मे उजाडला आणि सरतही आला.

मोजायला १०० फुटांची पोलादी साखळी होती. आपल्याकडे मोजणीला वापरायचे ती ३३ फुटांची शंकू साखळी तुम्ही आजोबांकडून ऐकली असेल. ३३ गुणिले ३३ म्हणजे एक गुंठा. ही तिचीच मोठी बहीण. पण वापरायची पद्धत बघा. साखळी जमिनीवर टाकायची नाही, तिवयांवर ठेवलेल्या लाकडी पेट्यांत ठेवायची, म्हणजे ती झोळ खाणार नाही. ठरावीक वजन लावून ताणायची. आणि शेजारी थर्मामीटर.

थर्मामीटर कशाला? कारण उन्हात पोलाद लांबतं. तापमान १० अंशांनी वाढलं तर १०० फुटांची साखळी साधारण साडेतीन मिलिमीटर लांब होते. एवढ्याने काय होतं, असं वाटेल. पण ती साखळी १२ किलोमीटरसाठी ४०० वेळा मांडली, तर चूक सुमारे १.४ मीटर होते. छोटी चूक एकाच दिशेने साठत गेली की मोठी होते. हे वाक्य लक्षात ठेवा, आपल्या ॲपकडे परत येताना कामाला येईल.

बाकी सगळं त्रिकोणांनी

एवढ्या कष्टाने सगळा देश मोजायचा तर जन्म पुरणार नाही. म्हणून युक्ती अशी: एक बाजू मोजायची, बाकी फक्त कोन मोजायचे. त्रिकोणाची एक बाजू आणि कोन माहीत असले की उरलेल्या बाजू गणिताने निघतात, हे आपण नववी-दहावीत शिकलोय. मग त्यातली एक बाजू पुढच्या त्रिकोणाची बेसलाइन होते. असं त्रिकोणाला त्रिकोण जोडत, टेकडीवरून टेकडीवर जायचं.

कोन मोजायला थिओडोलाइट. लॅम्बटनचा थिओडोलाइट अर्धा टन वजनाचा, चकती तीन फूट व्यासाची. इंग्लंडहून येताना तो ज्या जहाजात होता ते फ्रेंचांनी पकडून मॉरिशसला नेलं. पण हे शास्त्राचं उपकरण आहे म्हणून त्यांनी ते पुढे मद्रासला पाठवून दिलं. एवढं अवजड धूड कशाला? कारण कोनात एका सेकंदाची, म्हणजे एका अंशाच्या ३६०० व्या भागाची चूक झाली, तरी ५० किलोमीटरवर ती सुमारे २४ सेंटिमीटर होते.

मोजलं, मग स्वतःलाच तपासलं

मला लॅम्बटनचा सगळ्यात आवडलेला भाग हा. मद्रासपासून त्रिकोण जोडत तो बंगळूरपर्यंत गेला. मधलं सरळ अंतरच जवळपास २९० किलोमीटर. १८०४ मध्ये बंगळूरजवळ जवळपास ७ मैलांची एक रेघ निवडली. त्रिकोणांच्या गणिताने तिची लांबी काढली आणि मग तीच रेघ साखळीने प्रत्यक्ष मोजली. दोन आकड्यांत फरक निघाला सुमारे पावणेचार इंच! आपल्या शेताच्या ९० मीटरच्या बांधावर हेच प्रमाण लावलं तर फरक एक मिलिमीटरपेक्षाही कमी येईल.

किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत मोजणी झाली तेव्हा कळलं की त्या अक्षांशावर दक्षिण भारत जुन्या नकाशांपेक्षा सुमारे ४० मैलांनी अरुंद आहे. नकाशावरची हजारो चौरस मैल जमीन मुळात नव्हतीच.

१८०८ मध्ये मात्र घात झाला. तंजावरला आसपास टेकड्या नाहीत, म्हणून थिओडोलाइट मोठ्या मंदिराच्या उंच शिखरावर दोरांनी चढवत होते. दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळलं, चकती वाकली. नवीन मागवायचं तर वर्षं जाणार. लॅम्बटन तंबूत शिरला आणि सुमारे सहा आठवडे एकेक भाग खोलून, ठोकून, ताणून त्याने चकती पुन्हा गोल केली. तेच यंत्र पुढे वर्षानुवर्षं वापरलं. ज्या यंत्रावर शंका घ्यायला जागा आहे, त्याची प्रत्येक खूण पुन्हा तपासल्याशिवाय तो पुढे गेला नाही.

या कामात तो एकटा नव्हता. झेंडे धरणारे, झाडं तोडून नजर मोकळी करणारे, ओझी वाहणारे खलाशी आपलेच लोक होते. गोदावरी-कृष्णेच्या मधल्या जंगलात तापाने सगळी तुकडी आजारी पडली होती. कागदावर साहेबांची नावं राहिली, यांची बहुतेक नाहीत.

हिंगणघाट, २० जानेवारी १८२३

१८१८ मध्ये या कामाला ग्रेट ट्रिगॉनॉमेट्रिकल सर्व्हे असं नाव मिळालं आणि मदतीला एक तरुण अधिकारी आला, जॉर्ज एव्हरेस्ट. तोपर्यंत लॅम्बटन साठी ओलांडून गेलेला, खोकल्याने बेजार. तरी तो हैदराबादहून नागपूरकडे निघाला. वाटेत हिंगणघाटला २० जानेवारी १८२३ रोजी त्याचा क्षयाने मृत्यू झाला. त्याच्या हयातीत सुमारे १ लाख ६५ हजार चौरस मैलांवर त्रिकोणांचं जाळं पसरलं होतं. त्याच्या मागे एव्हरेस्टने ही रेघ हिमालयापर्यंत नेली, जगातल्या सगळ्यात उंच शिखराला एव्हरेस्टचं नाव मिळालं, आणि पाया घालणारा हिंगणघाटच्या मातीत राहिला.

आता आपला निळा ठिपका

तुमचा मोबाईल कोन मोजत नाही, अंतर मोजतो. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरचे जीपीएस उपग्रह सतत वेळ सांगत असतात. सिग्नल यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर, आणि निदान चार उपग्रहांच्या अंतरांवरून तुमची जागा. इथे साखळीच्या जागी घड्याळ आहे. सेकंदाच्या एक अब्जांश भागाची चूक म्हणजे ३० सेंटिमीटरची चूक. शिवाय वातावरणात सिग्नल रेंगाळतो, आणि झाड, भिंत, पत्र्याचं शेड यांवर आपटूनही येतो. म्हणून मोकळ्या आकाशाखालीही साध्या स्मार्टफोनची चूक साधारण ५ मीटरपर्यंत असते. ठिपक्याभोवतीचं फिकट निळं वर्तुळ तेच सांगतं. आणि अँड्रॉइडवर त्या वर्तुळाचा अर्थ असा की तुम्ही त्याच्या आत असण्याची शक्यता ६८ टक्के आहे. म्हणजे तीनात एकदा तुम्ही वर्तुळाच्या बाहेर!

आता आमचं शेत घ्या. ८० गुंठे म्हणजे समजा ९० बाय ९० मीटरचा चौकोन. मोबाईलने चारही बाजूंना फक्त एक-एक मीटर बाहेर दाखवलं, तर ९२ बाय ९२ होतं, म्हणजे ८३ गुंठ्यांच्या वर. एक-एक मीटर आत दाखवलं तर ७६ ते ७७. आप्पांनी काही कोरलं नव्हतं. माझा आरोप मोबाईलच्या नेहमीच्या चुकीपेक्षाही छोटा होता.

जुना नकाशा आणि जीपीएस का जुळत नाहीत?

अजून एक गंमत. एव्हरेस्टने १८३० मध्ये लॅम्बटनच्या आणि स्वतःच्या मोजणीवरून पृथ्वीचा एक गणिती आकार ठरवला. त्यातली विषुववृत्ताची त्रिज्या जीपीएसच्या आजच्या आकड्यापेक्षा सुमारे ८६० मीटर कमी आहे. भारताचे जुने सर्व्हे नकाशे त्यावर बसवलेले. त्यामुळे जुन्या नकाशावरचे अक्षांश-रेखांश जसेच्या तसे मोबाईलमध्ये टाकले, तर आपल्या भागात ठिपका शंभर मीटरहून जास्त सरकतो. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त मोजायची पट्टी वेगळी.

आणि गावाचे गटांचे नकाशे तर गावापुरते साखळीने मोजून काढलेले. ते सॅटेलाइटच्या फोटोवर ठेवले की बांध शेजाऱ्याच्या विहिरीत गेलेला दिसतो. तो पुरावा नसतो, भांडायला तर अजिबात नाही.

मग खरी मोजणी कशी होते?

लॅम्बटनच्याच तत्त्वाने: आधी एक जागा पक्की करा, मग तिच्यावरून बाकीचं मोजा. भारतीय सर्वेक्षण विभागाची कॉर्स नावाची कायमची केंद्रं आहेत. त्यांची जागा अतिशय अचूक ठाऊक असते. उपग्रह या केंद्राला जागा किती चुकीची सांगतोय ते त्याला कळतं, आणि तीच दुरुस्ती भूकरमापकाच्या रोव्हरला मिळते. त्यामुळे चूक मीटरवरून काही सेंटिमीटरवर येते. आजची बेसलाइन म्हणा ना!

तर मित्रांनो, मोबाईलवर शेत मोजताना एवढं पाळा:

• ठिबकचा, बियाण्याचा, फवारणीचा अंदाज काढायला ॲप चांगलं. हद्दीसाठी नाही.
• मोजायच्या आधी मोकळ्यावर दोन-तीन मिनिटं थांबा, वर्तुळ लहान होऊ द्या.
• निदान तीन वेळा, वेगवेगळ्या वेळी मोजा. आकडे किती हलतात ते बघा. आणि दर वेळी तोच आकडा आला म्हणजे तो खरा, असंही नाही.
• ज्याची लांबी नक्की माहीत आहे अशी एखादी रेघ आधी मोजून ॲपची परीक्षा घ्या. लॅम्बटनने बंगळूरला हेच केलं.
• हद्दीचा वाद असेल तर भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज करा.

आम्हीही शेवटी अर्ज केला. मोजणी झाली, खुणा लागल्या. बांध जवळपास जागेवरच होता. एका टोकाला दीडएक फूट सरकलेला, तोही आमच्या बाजूने आप्पांच्या रानात. वडिलांनी तिथल्या तिथे कबूल केलं. मी आप्पांच्या पाया पडलो. त्यांनी माझा मोबाईल हातात घेतला, निळा ठिपका बघितला आणि चहा टाकायला सांगितला.