वाट यंत्रानं शोधावी

पहिली तारीख होती. शाखेचं शटर वर जाण्याआधीच पायऱ्यांवर पेन्शनर मंडळी येऊन बसली होती आणि आत आमचे चेहरे उतरले होते. २००५ च्या सुमाराची ही गोष्ट. नव्या संगणक प्रणालीवर खाती नुकतीच चढवली होती. पेन्शन जमा करण्याचं काम रात्री लावलं होतं, ते सकाळचे दहा वाजले तरी संपलं नव्हतं. यंत्र बंद पडलेलं नव्हतं. इमानेइतबारे राबत होतं, पण चुकीच्या वाटेनं. संगणक विभागातल्या एका तरुण मुलीनं दुपारी दुखणं शोधून काढलं. मला समजावताना तिनं एक नाव घेतलं, एडगर कॉड. तेवीस वर्षं बँकेत काढून मी ते प्रथमच ऐकत होतो. मग हा माणूस कोण, ते मी शोधून वाचलं.

कॉड यांचा जन्म १९२३ सालचा, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या पोर्टलंड बेटावरचा. वडील चामड्याच्या व्यवसायात, आई शिक्षिका. सात भावंडांत हे शेंडेफळ. ऑक्सफर्डला गणित आणि रसायनशास्त्र शिकले, महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात वैमानिक झाले. १९४८ साली न्यूयॉर्कला जाऊन आयबीएम कंपनीत गणिती प्रोग्रॅमर म्हणून लागले. पुढं सिनेटर मॅकार्थी यांनी मांडलेल्या संशयाच्या खेळाला विटून १९५३ मध्ये ते कॅनडात निघून गेले. काही वर्षांनी परतले आणि चाळिशी उलटल्यावर, १९६५ साली, मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली.

त्या काळी संगणकातल्या नोंदी एकमेकींना दोऱ्यांनी बांधल्यासारख्या असत. हवी ती नोंद काढायची तर कुठून शिरायचं, कोणता दोरा धरायचा, कुठं वळायचं, हे सारं प्रोग्रॅमरनं लिहून द्यायचं. मांडणी बदलली की प्रोग्रॅम कोलमडला. मला आमच्या पहिल्या शाखेतले एक बुजुर्ग कारकून आठवतात. कुणाचं खातं कुठल्या लेजरात, हे त्यांनाच ठाऊक. ते रजेवर गेले की शाखा आंधळी व्हायची.

कॉड यांनी जून १९७० मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांचं म्हणणं असं की, माहिती साध्या तक्त्यांत ठेवा. माणसानं फक्त काय हवं ते सांगावं. ते कोणत्या वाटेनं आणायचं, ते यंत्रानं पाहावं. आज हे सहज वाटतं. तेव्हा जाणत्यांनी शंका काढली, की यंत्र निवडेल ती वाट अनुभवी प्रोग्रॅमरच्या वाटेपेक्षा लांबचीच असणार. आयबीएमची जुन्या पद्धतीची प्रणाली चांगली कमाई करत होती, त्यामुळं घरच्यांनाही घाई नव्हती. १९७४ साली जुन्या पद्धतीचे नामवंत पुरस्कर्ते चार्ल्स बाखमन आणि कॉड यांचा जाहीर वादही झाला.

शंका खोटी नव्हती. तिचं उत्तर आयबीएमच्याच सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत तयार झालं. १९७९ मध्ये पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मांडलं. तक्त्यात ओळी किती, त्यांनी पानं किती व्यापली, सूची कोणत्या रकान्यावर आहे, या आकड्यांवरून यंत्र प्रत्येक वाटेचा खर्च अंदाजतं आणि स्वस्तातली वाट धरतं. लाखभर खात्यांतलं एक हवं असेल तर सूची पाहावी. निम्मी हवी असतील तर सरळ सगळं वाचून काढावं, तेच स्वस्त पडतं. त्याच वर्षी ओरॅकल बाजारात आलं, आयबीएमचं स्वतःचं उत्पादन १९८१ मध्ये. त्याच साली कॉड यांना संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १८ एप्रिल २००३ रोजी फ्लोरिडात त्यांचं निधन झालं.

आता आमच्या पहिल्या तारखेकडं येतो. त्या मुलीनं यंत्र कोणत्या वाटेनं चाललंय, त्याचा आराखडा पडद्यावर काढला. यंत्राजवळचे आकडे तक्ता जवळजवळ रिकामा असतानाचे होते. व्यवहारांचा तक्ता चिमुकला आहे असं समजून ते एकेका पेन्शनरसाठी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत होतं. तिनं आकडे ताजे करून घेतले आणि काम पुन्हा लावलं. रात्रभराचं काम पंधरा-वीस मिनिटांत उरकलं. नवं यंत्र घ्यावं लागलं नाही.

तिनं मला आणखी दोन गोष्टी सांगितल्या. खाते क्रमांकावर सूची असली, तरी प्रश्नात त्याच क्रमांकावर काही आकडेमोड किंवा काटछाट केली, तर ती सूची बहुधा पडून राहते. आणि हौसेनं दहा सूच्या बांधल्या, तर नोंद घालताना त्या दहाही सांभाळाव्या लागतात. म्हणून काम मंदावलं की आधी आराखडा पाहावा, मग हात लावावा.

कॉड यांनी वाट शोधण्याचं ओझं माणसाच्या डोक्यावरून उतरवलं. यंत्राच्या हातातला नकाशा ताजा ठेवण्याचं काम मात्र आपल्याकडंच राहिलं. ते आम्ही विसरलो आणि त्याची किंमत पायरीवरच्या माणसांनी उन्हात बसून मोजली. तीन वाजता शेवटचे आजोबा पैसे मोजून घेत म्हणाले, की यंत्र आजारी होतं वाटतं. नाही, मी म्हटलं, त्याला आम्ही जुनाच हिशेब दिला होता.