विश्लेषण : नांगराआधी सायकल! लक्ष्मणराव किर्लोस्करांचा पहिला धंदा कोणता होता?

किर्लोस्कर म्हटले की लोखंडी नांगर आठवतो. पण या उद्योगाची सुरुवात १८८८ मध्ये बेळगावातल्या सायकलच्या दुकानातून झाली.

१८६९ मध्ये गुर्लहोसूर येथे जन्मलेले लक्ष्मणराव चित्रकला शिकण्यासाठी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. रंग ओळखण्यातील दोषामुळे चित्रकला सुटली, यंत्रांचे रेखाटन मात्र जमले. त्यावरच व्हीजेटीआयमध्ये शिक्षकाची नोकरी मिळाली.

ते मुंबईहून सायकली पाठवत आणि थोरले बंधू रामूअण्णा त्या बेळगावात विकत. किंमत ७०० ते १००० रुपये, म्हणजे गिऱ्हाईक श्रीमंतच. सायकल शिकवण्याचे १५ रुपये. ही फी आज गमतीची वाटेल. पण चालवताच येत नसेल तर एवढे पैसे कोण घालणार? शिवाय बिघडली तर नेणार कुठे? त्यामुळे विक्रीसोबत शिकवणी आणि दुरुस्तीही आलीच.

बढती डावलली गेल्यावर लक्ष्मणरावांनी पगाराची नोकरी सोडून बेळगाव गाठले. पुढे कडबा कापण्याचे यंत्र आले, नांगर आला. बेळगावातली जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळचा माळ दिला. १९१० मध्ये तिथेच किर्लोस्करवाडी वसली.